पहिलं ‘नको’

लंडनमधल्या एजवेअरच्या अरुणाताई मेहेंदळ्यांना ‘नको’ म्हणणं सोपं नव्हतं. म्हणजे माणसं म्हणायची, पण त्याचा उपयोग नसे. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात तिसरी पुरणपोळी पडायची, ‘नको’ म्हणणाऱ्या नव्या मुलीच्या हातात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाचा माइक यायचा, आणि ‘नको नको, आम्ही ट्यूबने जातो’ म्हणणारा पाहुणा त्यांच्या नवऱ्याच्या गाडीतून दारापर्यंत पोचवला जायचा. नवरा शशिधर तर केव्हाच ‘नको’ म्हणायचं विसरला होता. “आमच्या घरात दोनच मतं,” तो म्हणे, “एक अरुणाचं, आणि दुसरं अरुणाने बदललेलं.”

ही चेष्टा सोडा. बाई मनाने चांगली होती, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की चार शब्द सुनावावेत. ते तिने स्वतःलाच पुरेसे सुनावले आहेत.

अरुणाताई मूळच्या मिरजेच्या. वडील रेल्वेत कारकून होते, ते अरुणा नऊ वर्षांची असताना गेले. आई शेजारपाजारच्या घरची कामं करून राहिली. चैत्रात शेजारी हळदीकुंकू असलं की आंब्याची डाळ वाटायला आईला बोलवायचे, पन्हं तिच्याच हातचं लागायचं, आणि बायका यायला लागल्या की ती पदराला हात पुसून मागच्या दाराने घरी यायची. कुणी तिला ‘जा’ म्हणत नसे, तिला तेवढं कळायचं. डाळीची वाटी नंतर शेजारच्या पोरीच्या हाती घरपोच यायची. ती डाळ अरुणाला कधी गोड लागली नाही.

पुढे लग्न झालं, चौऱ्याहत्तर साली लंडन आलं. शशिधर इंजिनिअर होता. अरुणाताईंनी हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानात कापडाच्या काउंटरवर नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. बोटांच्या चिमटीत कापड धरलं की सूत कुठलं, रंग पक्का की कच्चा, भरतकाम हाताचं की मशीनचं, हे त्या न बघता सांगायच्या. बायका लेकीबाळींच्या लग्नाचं कापड घ्यायला लांबून त्यांच्याकडे येत.

आणि मंडळात त्यांनी एक मोठं काम केलं. ऐंशीच्या दशकात मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी विधवा बायकांना बोलवायला सुरुवात केली. कुरकुर झाली, दोघी-तिघी उठूनही गेल्या. अरुणाताई हटल्या नाहीत. पहिल्या वर्षी सुमेधाताई म्हणून एक बाई आल्या, अगदी दाराशी खुर्ची धरून बसल्या. अरुणाताई कोयरी घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “नको हो, नको,” म्हणाल्या. अरुणाताईंनी ते हात बाजूला केले आणि कुंकू लावलं. सुमेधाताई ढसाढसा रडल्या आणि म्हणाल्या, “अकरा वर्षांनी लावलं गं कुणी.” सगळ्या जणी रडल्या. त्या दिवशी अरुणाताईंनी एक गोष्ट पदराच्या गाठीला बांधली. विधवेचं पहिलं ‘नको’ हे ‘नको’ नसतंच, ते फक्त लोकांनी शिकवलेलं असतं. ही गाठ त्यांनी पुढे वीस वर्षं सोडली नाही, आणि वीस वर्षं ती खरीही ठरत आली.

त्यांचा मुलगा यतीन साउथहॅम्प्टनच्या बंदरात कंटेनरच्या सॉफ्टवेअरचं काम बघायचा. तिथे त्याला एमेलिन भेटली. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट, जन्म इथलाच, आईवडील मलाक्काचे.

“चिनी आहे?” अरुणाताईंनी विचारलं.

“चिनी असं नाही गं आई. पेरानाकन.”

“म्हणजे काय?”

यतीनने डोकं खाजवलं. “म्हणजे दोन-चारशे वर्षांपूर्वी चीनमधून व्यापारी आले, तिथल्याच मुलींशी लग्नं केली, तिथलेच झाले. बोलतात मलय, देवघर चिनी. पुरुषाला बाबा म्हणतात, बाईला न्योन्या. आणि हाताने जेवतात. लोणचंसुद्धा घालतात, अचार म्हणतात त्याला.”

“लोणचं घालणारी माणसं वाईट नसतात,” अरुणाताईंनी निकाल दिला, आणि लग्न ठरलं.

ठरल्यावर महिन्याभरात एमेलिनचे वडील गेले. दोन हजार पाचचा ऑक्टोबर होता. मुलीचं लग्न माझ्यासाठी अडवू नका, असं ते सांगून गेले होते. तेव्हा एमेलिनच्या आईने, लिलियनबाईंनी, पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर सुचवला. तोपर्यंत वर्ष उलटलेलं असेल, एवढंच त्या म्हणाल्या. अरुणाताईंनी लगेच मुहूर्त काढला आणि मधल्या एप्रिलमध्ये आपल्या घरी साखरपुडा ठेवला. कुणी नको म्हणालंही असेल, त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

साखरपुड्याला एजवेअरच्या त्या घरात चाळीस माणसं होती. लिलियनबाई वेळेवर आल्या. छोट्या चणीची, ताठ बसणारी बाई, तीस वर्षं स्टाफ नर्स होती. अंगात पांढऱ्या व्हॉइलचा झिरझिरीत झंपर, त्यावर निळी बारीक फुलं, खाली निळं बाटिकचं लुंगीसारखं वस्त्र. झंपराला गुंड्यांऐवजी चांदीच्या साखळीने जोडलेल्या तीन पिना, त्यात मोती. सोन्याचा एक मणी नाही. अरुणाताईंनी भरतकाम एका नजरेत ओळखलं, हाताचं होतं, आणि असं की आता कुणी करून देणार नाही. पण रंग बघून त्यांना कसंसंच झालं. लेकीच्या साखरपुड्याला इतकं फिकं? त्यांना मिरजेचं मागचं दार आठवलं आणि त्यांनी ठरवलं, आपल्या घरात हे चालायचं नाही.

एमेलिनची ओटी भरून झाल्यावर त्या कोयरी घेऊन सरळ लिलियनबाईंपुढे गेल्या. लिलियनबाईंनी हात आडवा धरला. “नो, अरुणा. प्लीज. नॉट यट.” अरुणाताई प्रेमाने हसल्या, तो हात बाजूला केला आणि हळदीकुंकू लावलं. मग कपाटातून लाल जरीकाठी शेला आणवला, त्यांच्या खांद्यांवर पांघरला आणि केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. “आमच्यात असं काही मानत नाहीत,” त्या इंग्रजीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “यू मस्ट वेअर कलर!” चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढला. लिलियनबाईंचे डोळे भरून आले होते, आणि अरुणाताईंनाही रडू आलं. इतकं चांगलं वाटावं असा दिवस त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

नोव्हेंबरात लग्न झालं, हॅरोच्या एका हॉलमध्ये, अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं यथासांग. आणि लिलियनबाई आल्याच नाहीत. पेनांगहून मामा आला, मामी आली, आई नाही.

“आजारी आहे का?” अरुणाताईंनी विचारलं.

“नो,” एमेलिन म्हणाली. “शी कान्ट कम.”

एवढंच. अरुणाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीच्या लग्नाला आई येत नाही? कुठे पाहिलंय असं? त्यांनी लिलियनबाईंशी अबोला धरला. दिवाळीचा फराळ पाठवणं बंद, फोन बंद, ख्रिसमसला त्यांच्याकडून आलेल्या डब्याला उत्तर नाही. मात्र मंडळात त्यांच्याकडे आता सांगायला दोन गोष्टी झाल्या. पहिली लाल शेल्याची आणि दुसरी न आलेल्या आईची. एक सांगून झाली की दुसरी ओघाने यायची. “मी एवढं केलं हो त्या बाईसाठी, आणि तिने काय केलं?” एजवेअरपासून बर्मिंगहॅमच्या अधिवेशनापर्यंत ज्याला कान होते त्याने हे ऐकलं. एमेलिनही समोर असायची कधीकधी. ती उठून चहाचे कप गोळा करायची.

दोन हजार आठच्या पावसाळी सप्टेंबरात एमेलिनला सातवा लागला. अरुणाताईंनी डोहाळजेवणाचा घाट घातला, हिरवी साडी आणली, हिरवा चुडा आणला. एमेलिनने फोनवर विचारलं, “आई, ममला बोलवाल ना?”

“बघू,” अरुणाताई म्हणाल्या.

मराठी घरात ‘बघू’ म्हणजे काय, हे एमेलिनला दोन वर्षांत कळलं होतं. ती म्हणाली, “सॅटर्डेला इकडे या. आमच्या लोकांचं एक म्युझियम आहे. मला तुम्हाला दाखवायचंय. फक्त आपण दोघी.”

अरुणाताईंनी मनात म्हटलं, पोटुशी पोर आहे, मन कशाला मोडा. त्या गेल्या.

म्युझियम म्हणजे साउथहॅम्प्टनच्या जुन्या बंदराजवळचं एक दुमजली घर. मलाक्का, पेनांग, सिंगापूरहून आलेल्या काही कुटुंबांनी मिळून ते थाटलं होतं. जिचं जे सामान माळ्यावर पडलेलं, ते तिने आणून दिलेलं. दारात मिस्टर टिओ उभे होते, सत्तरीचे निवृत्त डेंटिस्ट, अंगात बाटिकचा सदरा. शनिवारी तेच लोकांना हिंडवून आणत. एमेलिनचे पाय सुजले होते, ती खालच्या बाकावर टेकली. “तुम्ही बघून या,” ती म्हणाली. “वरचं सगळं बघा, आई. सगळं.”

अरुणाताई खूश झाल्या. खालच्याच खोलीत त्यांना पानाचं तबक दिसलं, चुन्याची डबी, सुपारीची डबी आणि चक्क अडकित्ता. “अहो, हे तर आमचंच!” त्या मिस्टर टिओंना म्हणाल्या. मग मण्यांच्या सपाता आल्या. एकेक मणी मोहरीच्या निम्मा, नवरीने लग्नाआधी नवऱ्यासाठी स्वतः विणायच्या. अरुणाताईंनी काचेला नाक लावून टाका बघितला आणि चुकचुकल्या. नवरानवरीचा पलंग, सोनेरी नक्षीचा. गुलाबी-पोपटी बशा, त्यांवर फुलं आणि लांब शेपटीचे पक्षी. “काय रंग! काय हौस!” त्या म्हणाल्या. आणि अर्थातच त्यांना लाल शेल्याची गोष्ट आठवली.

जिना चढता चढता त्यांनी ती मिस्टर टिओंना सांगितली, पहिल्यापासून. आमच्याकडे विधवांना कसं वागवायचे, आपण मंडळात ते कसं मोडून काढलं, आणि मग आपल्या सुनेची आई, तुमच्यातलीच न्योन्या, नवरा जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, कशी फिकी निळी येऊन बसली होती, नको नको म्हणत होती, आणि आपण तिला कसं कुंकू लावलं, लाल शेला घातला, आणि ती कशी रडली.

मिस्टर टिओ आधी हसत ऐकत होते. मग त्यांचं हसू गेलं. वरच्या खोलीच्या दारात ते थांबले आणि त्यांनी हळू विचारलं, “त्यांचं दुखवट्याचं वर्ष तेव्हा पुरं झालं होतं का?”

“वर्ष? कसलं वर्ष?”

ते बाजूला झाले. मागच्या कपाटात तीन बाहुल्या उभ्या होत्या, माणसाएवढ्या. पहिलीला काळं नेसवलं होतं. तिसरीला हिरवट. आणि मधलीच्या अंगात पांढरा व्हॉइलचा झंपर, त्यावर निळी फुलं, खाली निळं बाटिक, आणि गळ्याखाली चांदीच्या साखळीत गुंफलेल्या तीन पिना, मोत्यांच्या.

मिस्टर टिओंनी सांगितलं ते सावकाश, एखाद्याला दाढ काढायची आहे हे सांगावं तसं. आधी काळं. मग निळं-पांढरं. मग हिरवं. सोनं नाही, चांदी आणि मोती, कारण मोती म्हणजे आसवं. लाल तर नाहीच. किती दिवस ते घराघरावर, जुन्या काळी तीन वर्षं, आता बहुतेक जण एक. मुदत भरली की पूर्वजांपुढे उभं राहून सांगायचं, मी माझं दुःख पुरं केलं, आणि मग रंग. हे कुणी लादत नाही. बायको हे नवऱ्यासाठी आपणहून करते, त्याला दिलेली शेवटची गोष्ट म्हणून.

अरुणाताईंनी काचेला हात टेकला. सासरे गेले त्या वर्षी त्यांनी स्वतः घरात कंदील लावला नव्हता, गुढी उभारली नव्हती, पुरण शिजवलं नव्हतं. वर्ष व्हायचंय, असं सांगून मंडळाच्या गणपतीलाही त्या गेल्या नव्हत्या, आणि लोकांनी ते मानलं होतं. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचंही असं वर्ष असू शकतं, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. कापड पारखणाऱ्या बाईने टाका बघितला, सूत बघितलं, आणि रंगाचा अर्थ विचारला नाही.

“मध्येच कुणी लाल घातलं तर?” त्यांनी विचारलं.

“आजकालची मुलगी असेल तर सोडून देईल.” मिस्टर टिओ जमिनीकडे बघत होते. “जुन्या वळणाची बाई असेल तर पुन्हा सुरू करेल. काळ्यापासून.”

“आणि तेवढ्यात घरात लग्न निघालं तर?”

“ती जाणार नाही, मॅडम. आपल्या दुःखाची सावली लेकरांच्या शुभकार्यावर पडू नये म्हणून दुखवट्यातलं माणूस लांब राहतं.”

एप्रिलपासून पुन्हा एक वर्ष. म्हणजे नोव्हेंबरात ती अजून दुखवट्यातच होती. नाहीतर ऑक्टोबरातच सुटली असती. म्हणून तर तिने नोव्हेंबर सुचवला होता! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते अरुणाताईंनी आजवर नुसतं म्हटलं होतं. आत्ता त्यांना खरोखरच या अनोळखी गृहस्थापुढून, या काळ्या-निळ्या बाहुल्यांपुढून नाहीसं व्हावंसं वाटलं. दोन वर्षं. किती घरांत सांगितलं आपण. किती चहाबरोबर. आणि ते सांगताना समोर एमेलिन बसलेली असायची.

त्या कठड्याला धरून खाली आल्या. एमेलिन बाकावरच होती.

“तुझी आई लग्नाला का नाही आली?”

एमेलिनने वर बघितलं. मग म्हणाली, “मी तिला प्रॉमिस केलंय, आई. मी सांगणार नाही.”

“यतीनला माहीत आहे?”

“त्यालाही नाही सांगितलं.”

अरुणाताई तिच्या शेजारी बसल्या. सुनेच्या तोंडाकडे बघायची त्यांना हिंमत होईना. लाज वाटते म्हणजे कान तापतात, हे त्यांना लहानपणानंतर आज पुन्हा कळलं. “मला तुझ्या आईकडे घेऊन चल,” त्या म्हणाल्या. आणि मग, सवय नसल्यामुळे जरा अडखळत, “म्हणजे, तिला चालेल का, ते आधी विचार.”

एमेलिनने फोन केला. चालेल, असं उत्तर आलं.

लिलियनबाईंचं घर गाडीने दहा मिनिटांवर होतं. दार त्यांनीच उघडलं. अंगात पिवळा झंपर होता, दुखवटा केव्हाच संपला होता. त्यांनी लेकीला वर जाऊन पडायला सांगितलं आणि अरुणाताईंना स्वयंपाकघरात नेलं. टेबलावर लसणाचा ढीग होता. चहा झाला, दोघींच्या मध्ये ठेवला गेला, आणि लिलियनबाई पुन्हा लसूण सोलायला बसल्या. दोघींचं बोलणं इंग्रजीतच होतं, आणि अरुणाताईंना ती भाषा इतकी अपुरी कधी पडली नव्हती.

“मला आज कळलं,” त्या म्हणाल्या.

लिलियनबाईंची नजर जिन्याकडे गेली.

“तिने नाही सांगितलं. तिने शब्द पाळला. मी म्युझियममध्ये बघितलं. तो निळा झंपर.”

“हं,” लिलियनबाई म्हणाल्या. लसणाची पाकळी वाटीत पडली. “मी म्हणाले होते, नॉट यट.”

“हो.”

“तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का? गडबड होती फार. मला पुष्कळदा वाटलं, ऐकूच आलं नसेल.”

इथे एक वाट होती. हो म्हटलं असतं तर निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं. अरुणाताईंनी चहाच्या कपाकडे बघितलं.

“ऐकू आलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी ते धरलं नाही.”

लिलियनबाईंनी मान हलवली.

“तुम्ही तेव्हाच तो शेला का नाही काढून फेकलात? का नाही ओरडलात माझ्यावर?”

“चाळीस माणसं टाळ्या वाजवत होती, अरुणा. आणि माझी मुलगी तुमच्या घरात यायची होती. आणि तुम्ही…” त्या शब्द शोधत थांबल्या. “तुम्ही रडत होतात. माझ्यासाठी. ज्याने प्रेमाने केलं त्याला काय सांगायचं?”

अरुणाताईंना आता राहवेना. “मला माफ करा. आणि ऐका, आपण असं करू या. लग्न पुन्हा लावू. डोहाळजेवणाच्याच दिवशी. हॉल मी घेते, भटजी मी सांगते, अंतरपाट धरू, तुम्ही मुलीच्या मागे उभ्या राहा, मंडळाच्या सगळ्यांसमोर मी सांगेन की माझ्यामुळे…”

लिलियनबाईंनी सुरी खाली ठेवली.

“अरुणा. तुम्ही परत ठरवताय.”

अरुणाताईंना मघाशी म्युझियममध्ये वाटली ती लाज झालेल्या गोष्टीची होती. ही त्याहून वाईट होती, कारण ही चूक आत्ता, या क्षणी, माफी मागता मागता झाली होती. म्हणजे ती त्या दिवसापुरती नव्हती. चौसष्ट वर्षांचा स्वभावच तसा होता, आणि त्यालाच आपण आजवर मोठं मन म्हणत आलो. त्यांना रडू आलं, पण या घरात रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून त्यांनी ते आवरलं.

“मग मी काय करू?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न शशिधरने ऐकला असता तर त्याचा विश्वास बसला नसता.

लिलियनबाईंनी लसणाची सालं एका बाजूला सारली.

“डोहाळजेवणाला मी येईन,” त्या म्हणाल्या. “एमेलिनसाठी येईन. लग्न पुन्हा लावायचं नाही. ते एकदाच होतं.”

“बरं.”

“पण एक करा. मला ते सांगा.”

“काय?”

“लग्न. मला कुणी सांगितलेलंच नाही. एमेलिन विषय काढत नाही, मला त्रास होईल म्हणून. भाऊ म्हणाला, छान झालं. पुरुष तेवढंच सांगतात. अल्बम आहे, पण फोटोत काय, सगळे हसतच असतात. त्या दिवशी मी इथेच बसले होते, घड्याळाकडे बघत, आता काय चाललं असेल, आता काय. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला सांगता येतं, एमेलिन म्हणते. सकाळपासून सांगा.”

बर्मिंगहॅमपर्यंत ज्यांच्या गोष्टी पोचल्या त्या अरुणाताईंना सुरुवात सापडेना. “हॉल मोठा होता,” त्या म्हणाल्या. “झेंडूची तोरणं लावली होती.”

“ती कशी होती?”

“पिवळी साडी होती. काठ हिरवा. बांगड्या कोपरापर्यंत. सुंदर दिसत होती हो. मामाने हात धरून आणली तिला.” अरुणाताई थांबल्या. पुढचं त्यांना लख्ख दिसत होतं. ते इतके दिवस कुणालाच सांगितलेलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. वगळताही आलं असतं. कुणाला कळणार होतं?

“मांडवात यायच्या आधी ती हॉलच्या दाराकडे वळून बघत होती,” त्या म्हणाल्या. “दार वाजलं की बघायची. कुणीतरी पाहुणा असायचा. पुन्हा वाजलं की पुन्हा.”

लिलियनबाईंचे हात थांबले होते.

“तिला ठाऊक होतं मी येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“तरी बघत होती.”

“मग?”

“मग मी तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला पुढे वळवलं. म्हटलं, मागे काय बघतेस, मुहूर्त चाललाय.”

वरच्या मजल्यावर एमेलिन कूस बदलत असावी, पलंग करकरला. लिलियनबाईंनी डोळ्यांना हात लावला नाही, हाताला लसूण होता म्हणून असेल. त्या फक्त टेबलाकडे बघत राहिल्या, आणि अरुणाताईंना उठून पळून जावंसं वाटलं, आणि त्या बसून राहिल्या.

“पुढे सांगा,” लिलियनबाई म्हणाल्या. “मध्ये काही सोडू नका.”

अरुणाताईंनी पुढे सांगितलं.